सातवी पायरी

मिस्त्रींनी एकदा हात लावला की त्या लाकडाची पुन्हा चूं करायची बिशाद नसे. म्हणून तर दीडशे वर्षांच्या त्या तीन मजली घराचा जिना वारसा खात्याने डोळे झाकून त्यांच्यावर सोपवला. एका कापड-व्यापाऱ्याने हौसेने बांधलेलं घर. रंगीत काचा, नक्षीचा कठडा, आणि वर खात्याचं फर्मान: जसं होतं तसंच राहिलं पाहिजे, साधा खिळासुद्धा विचारून ठोकायचा.

त्या व्यापाऱ्याची पणती तिथे एकटी राहायची. तिला सगळे मावशी म्हणत. मावशींची दृष्टी जाऊन बारा वर्षं झाली होती, पण जिना अशा चढायच्या की बघणाऱ्याने तोंडात बोटं घालावीत.

तीन आठवडे राबून मिस्त्रींनी जिना ठणठणीत केला. राहिली सातवी पायरी. मेली सारखी करकरायची. "असू दे की तेवढी," मावशी म्हणाल्या, "कोण आलं, खुशीत आलं की चिडून, ती मला आधी सांगते." मिस्त्रींना वाटलं, बाई भिडस्त, आपल्याला त्रास नको म्हणून बोलतेय. त्यांनी खालून नवी पाचर ठोकली आणि पायरीचं तोंड बंद केलं.

दुसऱ्याच दिवशी मावशी वळणावर पडता पडता वाचल्या. सातवी करकरली की वळायचं, ही त्यांची बारा वर्षांची सवय.

"मग पायऱ्या मोजायच्या ना!" धावत आलेला त्यांचा भाचा ओरडला.

"मोजत बसले तर गप्पा कधी मारू?"

भाचा हसला नाही. "बास झालं, मावशी. सोमवारी तू माझ्याकडे चल. तिथे लिफ्ट आहे."

मावशी कठड्यावरून नुसता हात फिरवत राहिल्या. मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. अरे देवा, चांगलं करायला गेलो आणि या बाईचं घरच काढून घेतलं की!

चाळीस वर्षं लाकडं गप्प करणारा माणूस मग जिन्याखाली शिरला, पायरीला बोलतं करायला. पाचर काढायची, तासायची, पुन्हा बसवायची. वर मावशी पाय देऊन बघायच्या. "छे, हा उंदराचा आवाज." "हा फारच रडका, मिस्त्री!" शनिवारी दुपारी एकदाची ती करकर आली आणि मावशींनी टाळी वाजवली. "हाच! आजोबा चढायचे तेव्हाही हाच!"

सोमवारी भाचा बॅग घेऊन आला आणि खात्याचे साहेब तपासणीला. साहेबांचा पाय सातवीवर पडला. करकर.

"मिस्त्री, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मिस्त्रींचे कान लाल झाले, पण ते हटले नाहीत. "साहेब, ती मूळची आहे. जसं होतं तसंच, हे तुमचंच म्हणणं. आता लिहा कागदावर."

"बघा तरी," म्हणत मावशी बोलत बोलत चढल्या. सातवी करकरली, त्या वळल्या आणि बोलणं न थांबवता वर पोहोचल्या. भाच्याने रिकामी बॅग काखेत मारली. साहेबांनी चष्मा पुसला आणि लिहिलं: सातवी पायरी, मूळ आवाजासह.

सगळे गेल्यावर मिस्त्री वर राहिलेली हत्यारांची पेटी आणायला निघाले. करकर.

"मिस्त्री," वरून मावशी म्हणाल्या, "तो डावा गुडघा दाखवा हो कुणाला तरी."

मिस्त्री तिथेच थबकले. गुडघ्याचं त्यांनी घरी बायकोलाही सांगितलं नव्हतं.