तिघांची लेव्हल

मित्रांनो, मी एक जुनी लेव्हल आहे. नाटकातल्या उंच लाकडी चौथऱ्याला लेव्हल म्हणतात. विद्यापीठाचा नाट्यविभाग, एक नाटकमंडळी आणि कारखान्यामागची वस्ती यांनी मिळून नाटक बसवायचं ठरवलं, तेव्हा माझा जन्म झाला. लाकूड विद्यापीठाचं, सुतार मंडळीचा आणि राहायची जागा वस्तीच्या सभागृहात. मी तिघांची होते. याचा मला केवढा अभिमान!

तालमीत आधी पडायला शिकवत. माझ्या कडेवर पाठमोरं उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि मागे झोकून द्यायचं. खाली दोन रांगा हात पसरून झेलायला तयार असत. वस्तीतली शिवणकाम करणारी मावशी सुरुवातीला चढेचना.

"पडायला काय शिकायचं? तेवढं एक येतं मला," ती म्हणाली.

मंडळीच्या दिग्दर्शिकेला सगळे ताई म्हणत. ताईंनी तिला आग्रह केला नाही. मावशी बरेच दिवस नुसती झेलणाऱ्यांत उभी राहिली. मग एका दुपारी आपणहून वर आली, पडली आणि हातांवर आडवी होऊन हसतच सुटली. "अगं बाई, धरलं की गं मला!"

त्या हसण्याने मीही सुखावले. पण तेव्हाच माझा मागचा पाय सैल होऊ लागला होता.

आधी नुसती कुरकुर होई. वस्तीतल्या बसचालकाने वाकून पाहिलं. "अहो, हिचा एक नट ढिला झालाय."

"इथे सगळेच नट ढिले आहेत!" एक विद्यार्थी ओरडला. हशा पिकला आणि गोष्ट हसण्यावारी गेली.

ताईंना वाटलं, विद्यापीठ माणूस पाठवील. प्राध्यापकांना वाटलं, सुतार तर मंडळीचा आहे. वस्तीला वाटलं, मोठ्यांच्या वस्तूला आपण हात कसा लावायचा? इकडे रोजच्या उड्यांनी माझा एकेक आटा सुटत होता. कुरकुरण्याखेरीज मला काही येत नव्हतं, आणि कुरकुरीची सगळ्यांना सवय झाली होती.

प्रयोगाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. शेवटच्या प्रवेशात मावशी वर चढली. तिने डोळे मिटले. टाळ्यांच्या कडकडाटात नट खाली पडल्याचा आवाज कोणालाच आला नाही. मी एका अंगाला कलंडले. झेलणारे हात सगळे मागे होते. मावशी बाजूला कोसळली. उजवं मनगट मोडलं.

पुढे बैठक भरली. लेव्हल नक्की कोणाची, यावरच तास गेला. तेवढ्यात हात गळ्यात बांधलेली मावशी दारात आली.

"मला कोणी ढकललं नाही," ती म्हणाली. "पण कुरकुर तर सगळ्यांनाच ऐकू येत होती ना? मलाही येत होती."

बैठकीतली माणसं पांगली. मनगट वाकडंच राहिलं, आणि मावशीने शिवणयंत्र विकलं. मी कोठारात धूळ खात पडले.

आता नवी मुलं आली आहेत. त्यांनी मला बाहेर काढून छान काळा रंग दिला. मी डुगडुगते म्हणून पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. पलीकडे ती दोन रांगांत उभी राहून हात पसरताहेत. एक मुलगी माझ्याकडे येते आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी जवळ असेल, तर मी कोणाची हे विचारत बसू नका. ती चढायच्या आत वाकून माझा पाय बघा.