खिशातला नट

पाइप सर्रकन खाली गेला, त्याच्या ओढीनं दोर फटकन तुटला आणि पाण्याची मोटार दोनशे फूट खोल बोअरच्या तळाशी जाऊन बसली. मग मालक पुंडलिकरावांनीच कपाळावर हात मारला.

"माहीच चूक, मन्सूरभाई. दोर सडला होता. नवा आनतो, आनतो म्हनून दोन वरसं काढली मी."

मन्सूर मिस्त्रीनं नुसती मान हलवली. घाटंजीच्या आसपास वीस वर्षं तो मोटारी सोडत होता, एकही पाडली नव्हती. आता मालकच अंगावर घेतोय तर आपण कशाला तोंड उघडायचं? पण त्याच्या सोळा वर्षांच्या मुलानं, जुनेदनं ते उघडलं.

"काका, दोर मागून तुटला. आधी पाइप धरनारा क्लॅम्प सुटला. त्याले एकच नट होता."

"अन् दुसरा?"

"अब्बाच्या खिशात हाय. फोन आला तवा ठेवला त्यायनं. मले वाटलं, मंग लावला असन."

मन्सूरचा हात आपसूक खिशाकडे गेला. नट तिथंच होता.

पुढचे दोन दिवस बापलेक गळ टाकून मोटार शोधत बसले. मजुरी मागायला तोंड नव्हतं. पुंडलिकरावांनी चहा दिला, भाकर दिली, पण पहिल्यासारखे हसले नाहीत, आणि मन्सूरला तेच जास्त लागलं. सगळा राग पोरावर निघाला.

"तुले कोनी इचारलं होतं? नाही ना? मंग कायले बोल्ला?"

"काका सोतालेच शिव्या देऊन राह्यले होते, अब्बा," जुनेद म्हणाला आणि दोर ओढत राहिला. मन्सूर आणखी चिडला.

मोटार एकदाची वर आली. घरी आल्या आल्या त्यानं बायकोला गाठलं.

"मलिका, हा हरिश्चंद्र आपल्याच घरात काहून जन्मला?"

"खोटं बोल्ला म्हनून लहानपनी तुमीच कानाखाली ठेवली होती ना त्याच्या?"

"ते लहानपनी! आता धंदा हाय!"

बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर किसनराव भेटले. त्यांच्या बोअरमध्ये नवी मोटार सोडायची होती.

"उद्या येता का, मिस्त्री? पुंडलिकचा दोर तुटला म्हने. मी नवा कोरा आनून ठेवला."

म्हणजे पुंडलिकरावांनी गावात दोराचंच सांगितलं होतं. मन्सूरचं नाव शाबूत होतं. नुसतं 'येतो' म्हणायचं, की झालं. मन्सूरनं चहाचा घोट घेतला.

"दोर नाही, किसनराव," तो वैतागून म्हणाला. "माह्यानं नट लावाचा राह्यला."

किसनरावांनी कप खाली ठेवला. "असं होय! पाहतो मंग. फोन करतो."

फोन येणार नाही हे मन्सूरला ठाऊक होतं. कार्ट्यानं आपल्यालाही नाद लावला, असं पुटपुटत त्यानं खिशातून तो नट काढला. तेव्हापासून तो खिशातच होता. टपरीवाल्याच्या कानावर यातलं अर्धंमुर्धंच पडलं होतं.

"काय झालं, मिस्त्री?"

"बस इथं, सांगतो," मन्सूर म्हणाला. त्याचा आवाज आता चांगला मोठा झाला होता. "मालक समोर, मी समोर. अन् माहं पोरगं म्हनते, दुसरा नट अब्बाच्या खिशात हाय..."