सिंकसमोरचं लाल पायपुसणं

आमच्या ट्रेलर-वस्तीची जमीन विकली गेली, हे आम्हाला फाटकावरची पाटी बदलल्यावर कळलं. घरं आमची, जमीन कंपनीची. घरांना चाकं आहेत म्हणतात. ती आमच्या बापाच्या वेळेपासून मातीत रुतलीत, हलवायला गेलं तर तळच गळून पडेल. कंपनीला हे चांगलं ठाऊक होतं.

पहिला नियम कुत्र्यांवर आला. मोठं कुत्रं पाळायचं तर त्यानं परीक्षा द्यायची. सांगितल्यावर बसायचं, परका माणूस जवळ आला तरी उठायचं नाही. नापास झालं तर कुत्र्यानं तरी जायचं, नाहीतर माणसानं.

माझी बहीण रेलीन माझ्या शेजारच्याच ट्रेलरमध्ये राहते. नवरा गेल्यापासून ती दिवसभर बोलते ती ब्रिस्कोशी. रुंद डोक्याचं, एक कान फाटलेलं, उतारवयाचं कुत्रं. त्याला आयुष्यात कुणी काही शिकवलं नव्हतं.

"आता या वयात तो काय शिकणार?" मी म्हणालो.

"तू पन्नाशीत कपडे धुवायला शिकलासच की, डेल. तेही कुणी हॉटडॉगचा तुकडा न चारता."

ती फोनवर कुणा बाईचे व्हिडिओ बघायची आणि सिंकसमोरच्या लाल पायपुसण्यावर ब्रिस्कोला उभं करायची. हॉटडॉगचा तुकडा नाकावरून मागे न्यायचा, बूड टेकलं की तोंडात घालायचा. आधी तो नुसताच शेपूट हलवत बघत राहायचा. मग एके दिवशी बसला. मग बसून राहायला शिकला. मी परका बनून दारातून यायचो, "मीटर बघायला आलोय बाई" म्हणायचो, आणि तो ढिम्म हलायचा नाही. पुढे रेलीननं त्याला पंजा द्यायला शिकवलं, लोळण घ्यायला शिकवलं.

"हे परीक्षेत नाहीये," मी म्हणालो.

"नसू दे. त्याला आवडतंय."

परीक्षा टपालपेट्यांजवळच्या डांबरावर होती. रेलीन चर्चला घालायचा कोट घालून आली. कंपनीचा मॅनेजर क्रेग, आमच्या पोरांच्या वयाचा, हातात टॅबलेट घेऊन उभा होता.

"ब्रिस्को, बस."

ब्रिस्कोनं खाली डांबर हुंगलं. तिच्याकडे बघितलं. स्वतःभोवती एक गिरकी घेतली, पुन्हा जमीन हुंगली आणि घराकडे ओढायला लागला. त्याला बसायचं होतं. बसायची जागा सापडत नव्हती. आम्ही दोघं अक्कलशून्य, त्याला स्वयंपाकघराबाहेर कधी शिकवलंच नव्हतं.

"थांबा, पायपुसणं आणते," रेलीन म्हणाली.

"बाई, रस्त्यानं पायपुसणं अंथरत फिरणार का?"

"मग घरी येऊन बघा. ते काय, समोरच आहे."

"परीक्षा इथेच. सगळ्यांना एकच नियम आहे."

"सगळ्यांना?" मी म्हणालो. "तुझ्या मालकाचं कुत्रं कुठे बसलं होतं रे परीक्षेला?"

त्यानं टॅबलेटवर 'नापास'वर बोट टेकवलं. एवढंच. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

मी ब्रिस्कोला माझ्याकडे ठेवू शकत नव्हतो, माझा ट्रेलरही त्याच जमिनीवर. ओळखीपाळखीत सगळीकडे विचारलं. रुंद डोक्याचं, बघताच चावरं वाटणारं म्हातारं कुत्रं कुणाला नको होतं. शेवटी काउंटीच्या, म्हणजे सरकारी, कुत्र्यांच्या निवाऱ्यात न्यावं लागलं. तिथे आमच्याच वस्तीतली अर्धी कुत्री भुंकत होती. जास्त झाली की तिथले लोक जागा करतात. जागा करतात म्हणजे मारतात. मी सरळ लिहितोय, कारण तिथे कुणी सरळ बोलत नाही.

घरचा वास राहावा म्हणून रेलीननं पायपुसणं सोबत आणलं होतं. तिथल्या मुलीनं ते पिंजऱ्यातल्या सिमेंटवर टाकलं.

ब्रिस्को त्यावर चढला आणि बसला. कुणी न सांगता. मुलगी अगदी जवळ गेली तरी उठला नाही. मग त्यानं लोळण घेतली. मग रेलीनकडे बघत पंजा वर केला.

"किती हुशार आहे हो," मुलगी म्हणाली. "कुणी शिकवलं?"

रेलीननं कोटाचा एक खिसा चाचपला, मग दुसरा. आज तिनं हॉटडॉग आणला नव्हता. ब्रिस्को पंजा वर धरून बसून राहिला.