फेब्रुवारीतला थोरला

यंत्राला चाकं लावायला आम्हाला दोन दिवस लागले. एकमेकांना काय हाक मारायची हे ठरायला तीन आठवडे.

दक्षिण कोरियात, देगू शहरातल्या आमच्या विद्यापीठात शेवटच्या सत्राला हा विषय सक्तीचा. तिघातिघांचे संघ, आपलं आपण चालणारं यंत्र बांधायचं आणि डिसेंबरात स्पर्धेत उतरवायचं. आमचा संघप्रमुख प्यो तेगॉन, वय सव्वीस. मी मिरान, वय अठ्ठावीस. गुमीच्या कारखान्यात चार वर्षं सर्किटं जोडली आणि मग परीक्षा देऊन थेट तिसऱ्या वर्षात शिरले. म्हणजे वयानं मी मोठी, कॉलेजात तो मोठा. मला ‘ताई’ म्हणावं तर त्याचं वरिष्ठपण जातं, नुसतं ‘मिरान’ म्हणावं तर लोक त्याचे संस्कार काढणार. शेवटी त्यानं ‘मिरानबाई’ शोधून काढलं, बँकेतला माणूस टोकन नंबरानंतर पुकारतो तसं. तिसऱ्या मेंबरला मी फक्त चॅटवरच्या त्याच्या कुत्र्याच्या फोटोवरून ओळखते. कुत्रा गोड होता.

चांगवॉनच्या एका कंपनीनं मला नोकरी दिली होती. मार्चमध्ये हजर व्हायचं, पण फेब्रुवारीत पदवी हातात असेल तरच. हा विषय राहिला तर पदवी नाही, आणि पदवी नाही तर परत गुमी, परत तोच सरकता पट्टा. त्यामुळे वर्गात बाकीचे मार्कांसाठी रडत होते आणि मी फक्त पास होण्यासाठी.

स्पर्धा साधी होती. टेबलाएवढं मैदान, दोन टोकांना दोन संघांची यंत्रं, प्रत्येकाच्या पाठीवर टुना माशाचा एक डबा. डबा पलीकडे नेऊन ठेवायचा. मध्ये एकच पूल, एका यंत्रापुरता. दोन फेऱ्या. त्यांत एकदाही डबा पलीकडे गेला नाही तर संघ नापास. हात लावायचा नाही. पुलावर दोघं समोरासमोर आले तर मागं कोणी सरायचं, हे यंत्रांनी बिनतारी संदेशावर आपसांत ठरवायचं, आणि त्याचा नियम सगळ्या संघांनी मिळून करायचा. प्राध्यापक कू म्हणाले, “मी त्यात पडत नाही. तुम्ही मोठी माणसं आहात.”

मोठी माणसं आहोत, तोच तर घोळ होता.

नियम करायला आठही संघ जमले. मी म्हणाले, “दोन्ही यंत्रांनी एकेक आकडा काढायचा, चिठ्ठी उचलल्यासारखा. ज्याचा मोठा, तो पुढं. सारखे आले तर परत काढायचे. चार ओळींचं काम आहे.”

“चिठ्ठी?” तेगॉन हसला. “मिरानबाई, जेवायला बसल्यावर पहिला घास कोणी घ्यायचा याचीही चिठ्ठी काढता का तुम्ही?”

सगळे खिदळले. मग दुसऱ्या एका संघाचा प्रमुख ह्योनमो घसा साफ करून म्हणाला, “थोरल्याचं यंत्र आधी जाईल. ज्याचा संघप्रमुख थोरला, त्याचं यंत्र थोरलं. सोपं आहे.”

“थोरला कशानं?” मी विचारलं. “वयानं, की कॉलेजातल्या वर्षानं?”

सगळ्यांनी नजरा टेबलाकडे वळवल्या. जणू मी कुणाच्या आजारपणाचं नाव घेतलं.

“अहो, हे काय विचारायचं असतं?” तेगॉन म्हणाला. “ते कळतं.”

“बरोबर. कळतं,” ह्योनमो म्हणाला.

दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला आणि सभा संपली.

आता काय कळतं ते सांगते. ह्योनमो फेब्रुवारीतला. त्या काळी जानेवारी-फेब्रुवारीतली पोरं एक वर्ष आधी शाळेत जायची, त्यामुळे तो जन्मभर आदल्या वर्षीच्या पोरांशी बरोबरीनं अरे-तुरे करत आलेला. तेगॉन त्याच्या आदल्या नोव्हेंबरातला, पण प्रवेश परीक्षेत एकदा आपटला आणि एक वर्ष मागं पडला. म्हणजे जन्मतारखेनं तेगॉन तीन महिन्यांनी मोठा, आणि कॉलेजात ह्योनमो एका वर्षानं; मधे वर्षभर रजा घेतली म्हणून आता आमच्या वर्गात. चार वर्षं हे दोघं एकमेकांना नावानं हाक न मारता, “ते... हे...” करत बोलत आलेले. आपापल्या खोलीत जाऊन दोघांनी आपापल्या यंत्रात आपापला नियम घालून घेतला.

मी तेगॉनला म्हटलं, “त्याच्याशी एकदा स्पष्ट बोलून घ्या.”

“काही गरज नाही. त्याला मनातून माहीत आहे.”

“त्याच्या मनाचं सोडा. त्याच्या यंत्राला माहीत आहे का?”

“मिरानबाई, तुम्ही सोल्डरिंग बघा.”

स्पर्धेच्या दिवशी संघांच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून लावल्या. तिथं चिठ्ठी चालली. आणि आमची जोडी लागली ह्योनमोच्या संघाशी.

पहिली फेरी. दोन्ही यंत्रं पुलाच्या मध्यावर आली, थांबली. दोघांचे लाल दिवे लागले. लाल म्हणजे: मी थोरला, तू मागं सर. सात मिनिटं दोन लाल दिवे एकमेकांकडे बघत उभे होते. शिट्टी वाजली. डबे जागच्या जागी.

मधे पंधरा मिनिटांची सुट्टी होती. तेव्हा प्रोग्राम बदलायची परवानगी होती.

“आपण वाट देऊ,” मी म्हणाले. “तो जाईल, मग मागून आपण. डबा पोचला की पास. बास.”

“त्याला वाट द्यायची?” तेगॉनचा चेहरा यंत्राच्या दिव्यासारखा झाला. “ह्योनमोला? तो फेब्रुवारीचा आहे!”

“माझी नोकरी मार्चची आहे.”

“हा तत्त्वाचा प्रश्न आहे. थांबा, मी त्याला समजावतो.” आणि तो गेला. मग दोघं मैदानाच्या कडेला उभे राहून अत्यंत अदबीनं भांडू लागले. “आपण रागावू नका, पण आपला जन्म...” “आपलं म्हणणं बरोबर आहे, पण आपण दाखल कधी झालात...” असल्या आदरानं एकमेकांचा गळा धरलेला मी कधी पाहिला नव्हता.

मी लॅपटॉप ओढला आणि एकच ओळ बदलली. समोर कोणीही असो, वाट दे.

दुसरी फेरी. यंत्रं पुलावर समोरासमोर आली. आमचा दिवा हिरवा लागला, यंत्र मागं सरलं. मी श्वास सोडला, आणि तेवढ्यात पाहिलं तर समोरचं यंत्रही हिरवा दिवा लावून मागं सरत होतं.

पूल रिकामा झाला. दोघं पुढं आले. परत भेटले. परत दोघं मागं.

मी मैदानापलीकडे पाहिलं. त्यांच्या संघातली सोरा, बावीस वर्षांची, नखं खात उभी होती. आमची नजर भिडली.

“ताई, तुम्ही पण?” ती जवळजवळ रडत म्हणाली.

“तू मला सांगितलं का नाहीस?”

“मी लहान आहे ना, ताई. आधी मी कसं बोलणार?”

पुढं, मागं. पुढं, मागं. मी अकरा वेळा मोजलं आणि मोजणं सोडून दिलं. गुमीचा पट्टा मला दिसू लागला, आवाजासकट.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून टाळी वाजली. अधिष्ठाता साहेब, सत्तरीला टेकलेले. त्यांना फोनवरचा अलार्म बंद करायला सेक्रेटरी लागते. ते उभे राहिले होते आणि डोळे पुसत होते.

“बघा!” ते म्हणाले. “आजकालची पोरं बसमध्ये म्हाताऱ्याला जागा देत नाहीत, झोपेचं सोंग घेतात. आणि ही यंत्रं बघा! तुम्ही आधी, नाही नाही, तुम्ही आधी! यंत्रांना शिष्टाचार शिकवला या मुलांनी!”

सभागृह टाळ्यांनी दुमदुमलं. प्राध्यापक कूंचं तोंड उघडं होतं, ते त्यांनी हळूच मिटलं आणि टाळ्या वाजवू लागले. ज्यानं समजावायला जाऊन काहीच समजावलं नव्हतं तो तेगॉन पुढं झाला, कंबरेतून वाकला आणि म्हणाला, “आमच्या संघाचा हाच विचार होता, सर.” शेजारी ह्योनमोही वाकला. कोण जास्त वाकतो याचीही चुरस लागली.

मी उठले. “सर, हा विचार नाही, बिघाड आहे. दोन लोकांनी एकमेकांना न सांगता एकच ओळ बदलली. डबा एकही पोचला नाही.”

सोरानं डोळे मिटले.

अधिष्ठात्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. “आणि वर श्रेयही नको म्हणते,” ते कूंना म्हणाले. “नाव लिहून घ्या हिचं.”

दोन्ही संघ ‘विशेष बाब’ म्हणून पास. अट एकच: चार दिवसांत अहवाल द्यायचा, आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या. अहवाल तेगॉननं लिहिला. शीर्षक: ‘स्वयंचलित यंत्रांमधील परस्पर आदर’. कुत्र्याच्या फोटोवाल्यानं सही करायला पहिल्यांदा तोंड दाखवलं. तो कुत्र्याइतका गोड नव्हता.

मी अहवाल घेऊन कूंच्या खोलीत गेले. “सर, हे खोटं आहे.”

“माहीत आहे मला,” ते चहा ढवळत म्हणाले. “साहेबांचे डोळे भरून आले होते, मिरान. आता मी त्यांना काय सांगू, ते बिघाडावर रडले?”

“हो. तेच सांगा.”

“तुला पास व्हायचंय ना?”

“हो.”

“मग सही कर. बाकी तुझं तू बघ.”

मी सही केली. सहीखाली, त्यांच्या समोर, ठळक अक्षरात लिहिलं: ‘दोन माणसांना एकमेकांशी सरळ बोलता आलं असतं, तर दोन्ही डबे पहिल्या मिनिटात पोचले असते.’

कूंनी वाचलं. कागदाची घडी केली, शिक्का मारला.

“हे कोणी वाचणार नाही,” ते म्हणाले.

“म्हणून तर तुम्ही शिक्का मारलात, सर.”

त्यांनी चहाचा कप उचलला. मार्चच्या दोन तारखेला मी चांगवॉनला हजर झाले.