आबासाहेबांची पाठ

मार्गशीर्षातल्या एका सकाळी आबासाहेब म्हशीच्या दावणीजवळ पडले. त्यांना स्वतःला विचाराल तर ते पडले नाहीत. पाय सरकला, म्हशीनं अंग टाकलं, शेण ओलं होतं, असं काहीही ते सांगतील. पण 'पडलो' हा शब्द त्यांच्या तोंडातून निघायचा नाही. आता सत्तरी ओलांडलेला माणूस पडला तर त्यात काय मोठं आभाळ कोसळतं? पण आबासाहेब पैलवान होते. तरुणपणी गंगाखेड, राणीसावरगावापर्यंतच्या जत्रा त्यांनी गाजवल्या, आणि त्यांची पाठ मातीला लागलेली कुणी बघितली नव्हती. निदान पेडगावात तरी कुणी बघितली नव्हती, आणि पेडगाव सोडून बाकीच्या जगाशी आबासाहेबांना फारसं कर्तव्य नव्हतं.

पैलवानाच्या अंगाला एक खोड असते. खाली जायला लागलं की ते आधी पाठ वाचवतं. हवेतल्या हवेत वळायचं, छातीवर यावं, हातावर यावं, वेळ पडली तर तोंडावर यावं, पण पाठ नको. पाठ टेकली की कुस्ती गेली. त्या सकाळी आबासाहेबांच्या अंगानं त्यांना विचारलंसुद्धा नाही, आपसूक वळलं. सगळा भार उजव्या हातावर आला आणि मनगट काडकन मोडलं. खुबा तेवढा वाचला, पण त्यातही अशी कळ गेली की उठता येईना.

आखाडा म्हणजे आमच्याकडं शेतातला गोठा आणि त्याला लागून असलेली राहायची खोली. कुस्ती खेळतात ती तालीम. आबासाहेबांचा आखाडा रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर होता. दुधाची गाडी गेली, एसटीला निघालेल्या बाया बोलत गेल्या. मग बांधावरून सिताराम गेला. हा सिताराम म्हणजे गावातलाच जुना पैलवान. आबासाहेबांनी एका जत्रेत त्याला आसमान दाखवलं होतं, आणि तेव्हापासून तो बिचारा परतफेडीची वाट बघत होता. त्याचं खोकणं ऐकलं तसा आबासाहेबांनी श्वास रोखून धरला. हाक मारली असती तर सिताराम धावत आला असता, यात शंका नाही. म्हणूनच मारली नाही.

सुमनबाई गावातल्या घरून भाकरी घेऊन आल्या तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. नवरा मातीत तोंड खुपसून पडलेला बघून त्यांच्या हातातलं गाठोडंच सुटलं.

"आगं माय! आवं, वरडायचं न्हाई का?"

"कामून वरडू? काय झालंय?"

"पडलो तरी नाक वर!" सुमनबाई म्हणाल्या आणि माणसं बोलवायला पळाल्या.

परभणीहून मुलगा, माऊली, आला. त्याचं तिथं खताचं दुकान होतं आणि तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट होता. प्लास्टर होईपर्यंत तो गुमान राहिला. मग दवाखान्याच्या पायरीवर बसून म्हणाला, "आबा, पडलात त्याचं मला काई न्हाई. माणूस पडतं. पण सिताराम काका म्हणाले, ते तिथनंच गेले, आन् तुमी हाक न मारता तसंच पडून ऱ्हायलात. उद्या काई झालं तर आमाला कळावं कसं? मला रात्री झोप लागत न्हाई आबा, भ्या वाटतं." आणि तो उगाच चप्पल नीट करत बसला.

ठरलं ते असं: चैत्रात मारुतीची जत्रा झाली की म्हैस विकायची, जमीन दुसऱ्याला बटईनं कसायला द्यायची आणि म्हातारा-म्हातारीनं परभणीला यायचं. आबासाहेबांना तिसऱ्या मजल्याची कल्पनाच सोसवेना. तिथं माणसानं करायचं काय? खिडकीतून गाड्या बघायच्या? "मी तिथं मरन," ते सुमनबाईंना म्हणाले. सुमनबाई म्हणाल्या, "हितं मरायचं ठरवलं व्हतं की काय?" पण म्हशीला सोडून जायचं त्यांच्याही जिवावर आलं होतं.

माऊलीची मुलगी प्रियांका परभणीत कॉलेजला होती आणि तिथंच ब्राझीलची कुस्ती शिकत होती. तिचं नाव जुजुत्सू की असंच काहीतरी. आबासाहेब तिला 'जुजू' म्हणायचे. मागं एकदा नातीनं मोबाइलवर आपली कुस्ती दाखवली होती. पोरगी मातीवर नाही, गादीवर, आणि ती पण उताणी! आबासाहेबांनी मोबाइल परत दिला.

"पाठ टेकली. संपली कुस्ती."

"न्हाई ना आबा, इथनंच सुरू होती. बघा, मी खालून तिचा हात धरते."

"काय बघायचं? फिजूल धंदा."

प्लास्टर निघालं, हाताला बळ आलं, डॉक्टरांनी हळूहळू हालचाल करायला सांगितलं, आणि त्या रविवारी प्रियांका स्कूटी घेऊन आखाड्यावर हजर झाली. म्हणाली, "आबा, कसे पडलात ते दाखवा."

"पडलो न्हाई."

"बरं, कसे न्हाई पडलात ते दाखवा."

त्यांनी दावणीपाशी उभं राहून दाखवलं. पाय असा गेला, खांदा असा वळला, हात असा आला. प्रियांकानं दोनदा बघितलं.

"तुमचा हात शेणानं न्हाई मोडला आबा. पाठ वाचवायला गेलात म्हणून मोडला. आमच्याकडं पयल्या दिवशी हेच शिकवतात. पडायचं कसं, आन् मग कुणाचा हात न धरता उठायचं कसं. मी शिकवते. पप्पांना करून दाखवा, मंग मी भांडते तुमच्याकडून."

"या वयात पडायला शिकू मी?"

"न्हाई तर तिसरा मजला हायेच की."

आबासाहेबांनी म्हशीच्या पाठीवर हात फिरवला. मग म्हणाले, "कुणी बघता कामा नये."

सोयाबीनच्या भुसकटावर ताडपत्री पसरली. सुमनबाईंना बांधावर पहाऱ्याला उभं केलं. कुणी आलं की त्यांनी खाकरायचं. प्रियांकानं आधी बसल्या जागेवरून मागं लवंडायला सांगितलं. हनुवटी छातीला, म्हणजे डोकं आपटत नाही. पाठ गोल. दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, तळवे जमिनीवर थाडकन मारायचे, म्हणजे भार सगळीकडं वाटला जातो, एका मनगटावर येत नाही. ऐकायला सोपं. आबासाहेब लवंडायचे, आणि ताडपत्री जवळ आली की त्यांचं अंग वळायचं. पुन्हा लवंडायचे, पुन्हा वळायचं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसलं ते अंग.

"आबा, सोडा ना पाठ!"

"सोडायलोय की! तीच सोडंना!"

शेवटी बांधावरून सुमनबाई वैतागून खाली आल्या. "काय गं मोठं हाय त्यात? सर बाजूला." त्यांनी पदर खोचला, भुसकटावर बसल्या आणि मागं लवंडल्या. हनुवटी छातीला, हात थाडकन. मग नातीनं सांगितलं तसा उजवा पाय जवळ घेतला, डावा हात मागं टेकला, कंबर उचलली, डावा पाय खालून मागं ओढला आणि गुडघ्यावर जोर देऊन उभ्या राहिल्या. प्रियांका टाळ्या वाजवायला लागली. आबासाहेबांना भलताच राग आला. पण त्यात नवल काही नव्हतं. सुमनबाईंच्या पाठीनं कधी जत्रा मारली नव्हती.

त्याच रागात पुढच्या रविवारी आबासाहेबांची पाठ पहिल्यांदा टेकली. ताडपत्रीवर उताणे पडून ते आभाळाकडं बघत राहिले. कुणी शिट्टी मारली नाही, हलगी थांबली नाही. म्हैस रवंथ करत होती.

"कसं वाटलं?" प्रियांकानं विचारलं.

"काई न्हाई," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच आश्चर्य वाटलं.

उठताना मात्र डाव्या गुडघ्यात कळ यायची. ते दात-ओठ खायचे, पण बोलायचे नाहीत. नात बरोबर ओळखायची. "आबा, आमच्यात एक रीत हाय. लय दुखायलं की समोरच्याच्या अंगावर दोनदा थापटायचं. त्यानं तिथल्या तिथं सोडायचं. मंग हात मिळवायचा आन् पुन्हा सुरू."

"म्हंजी हार कबूल?"

"हार तर हार. रोज होती. थापटलं न्हाई तर हात मोडतो, मंग महिनाभर खेळणंच बंद. आमचे सर म्हणतात, येळेवर थापटतो तोच पुढं शिकतो."

"आमच्यात हरलेला माणूस जत्रंतनं तोंड लपवून जायचा," आबासाहेब म्हणाले. थापटलं काही नाही.

फाल्गुन संपेपर्यंत ते पडायला शिकले आणि उठायलाही शिकले. दहादा केलं तर आठदा जमायचं. पण माऊलीला दाखवायचं काही होईना. तो आला की आज पाय भरून आलाय, आज ऊन लय हाय, आज म्हैस बेजार हाय. खरं कारण एकच, लेकासमोर उताणं पडायचं. प्रियांका रडकुंडीला आली. तिकडं माऊलीनं म्हशीचा व्यापारी ठरवला. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी तो टेम्पो घेऊन येणार होता. आबासाहेबांना हे कळलं तेव्हा त्यांनी त्या दिवशी भाकरी अर्धीच खाल्ली.

जत्रेत मारुतीच्या देवळामागं कुस्त्यांचा फड लागला. हलगी कडाडत होती. नारळावरच्या, पोरासोरांच्या कुस्त्या सरल्या, मोठ्या जोड्या सुटल्या. आबासाहेब फेटा बांधून पंच म्हणून मातीत उभे होते. माइक सितारामच्या हातात होता. खोकला थांबेल तेवढ्यात तो बोलून घ्यायचा. माऊली दोरीच्या कडेला, खुर्च्यांजवळ बसला होता.

तिसऱ्या जोडीतली दोन तरणी पोरं एकमेकांत गुंतून अशी काही लोळत आली की त्यांना फड कुठं संपतो याचं भान राहिलं नाही. दोघांचं वजन आबासाहेबांच्या नडगीवर आलं. पाय उचलले गेले.

इथं सांगायला वेळ लागतो, पडायला लागत नाही. खांदा नेहमीसारखा वळायला निघाला. सगळं गाव समोर होतं, सिताराम समोर होता, लेक समोर होता. आणि आबासाहेबांनी खांदा आवरला. हनुवटी छातीला लावली आणि पाठ जाऊ दिली. दोन्ही तळवे मातीवर आपटले तो आवाज मागच्या झाडाखालपर्यंत ऐकू गेला. फेटा सुटून बाजूला गेला. हलगी थांबली.

माऊली दोरीवरून उडी मारून आत आला. आणखी चार-पाच जण धावले.

"हात लावू नका!" आबासाहेब खालूनच ओरडले.

त्यांनी एकदा दम घेतला. उजवा पाय जवळ, डावा हात मागं, कंबर वर. डावा पाय ओढताना चेहरा वाकडा झाला, पण पाय आला. आबासाहेब उभे राहिले. कडेला उभ्या असलेल्या बायांत सुमनबाईंनी डोळ्याला पदर लावला. शेजारची प्रियांका हसत होती आणि रडतही होती.

माइकवर सितारामचा श्वास ऐकू येत होता. इतक्या वर्षांची वाट फळाला आलेली. ती कोण सोडतो? "आबासाहेब," तो म्हणाला, आणि ते चारी दिशांच्या भोंग्यांतून गावभर गेलं, "टेकली की हो पाठ!"

माणसं हसली. माऊलीचे कान लाल झाले. आबासाहेबांनी अंगावरची माती झटकली, फेटा उचलला.

"टेकली," ते म्हणाले. "तू बघितलीस न्हवं? झालं तर मंग. पुढची जोड सोड."

सितारामनं माइक खाली घेतला. मग तोही हसायला लागला आणि हसता हसता खोकला लागला. हलगीवाल्यानं हलगी पुन्हा सुरू केली.

त्या गलबल्यात आबासाहेब माऊलीजवळ आले. त्यांनी लेकाच्या दंडावर दोनदा थापटलं. माऊलीला आधी कळलं नाही. त्याला वाटलं, शाबासकी आहे किंवा बाजूला हो म्हणतात.

"माऊली, पडलो मी," आबासाहेब हळूच म्हणाले. "गुडघ्यात लय कळ आलीय. धर मला. खुर्चीपत्तर ने."

बापाच्या तोंडून असलं काही माऊलीनं आजवर ऐकलं नव्हतं. त्यानं बापाच्या काखेत हात घातला. आबासाहेबांनी सगळा भार त्याच्यावर टाकला आणि सगळ्या गावादेखत लंगडत खुर्चीपर्यंत गेले.

त्यांना बसवून, पाण्याचा तांब्या हातात देऊन माऊली हलगीच्या आवाजापासून लांब गेला आणि फोन लावला. व्यापाऱ्याला टेम्पो आणू नको म्हणून सांगितलं. परत येऊन तो बापाच्या पायाशी मातीत बसला आणि गुडघा चेपू लागला.

"आबा, आखाड्यावर रेंज येती का फोनला?"

"बांधावर गेलं की येती."

"मंग रोज सकाळी धार काढली की बांधावर जायचं आन् मला फोन करायचा. बरं असलं तरी, नसलं तरी."

"करतो," आबासाहेब म्हणाले. "जरा खाली चेप. हा, तिथंच."

फडात पुढची जोड हात मिळवत होती.