शेजाऱ्याची कमान

"म्हणजे आमचं लग्न तू लावणार नाहीस," कॉफीचा कप खाली ठेवत स्वेनिंग म्हणाला.

"दोन पुरुषांचं लग्न लावायला माझं मन मानत नाही," पाळक आयलर म्हणाला. "कायद्यानं मला तेवढी मोकळीक आहे. पलीकडच्या गावातून दुसरा पाळक येईल. चर्च तुमचंच आहे."

"माझ्या आईला तू माती दिलीस. थोरकिल आजारी होता तेव्हा उशाशी बसलास. आणि आता मन मानत नाही?"

"जाऊ दे रे," स्वेनिंगच्या शेजारी बसलेला थोरकिल म्हणाला. "याचं प्रवचन फार लांबतं. पाहुण्यांची जेवणं गार झाली असती."

कुणीच हसले नाही. स्वेनिंगने उठून दार उघडले आणि तो तसाच उभा राहिला. आयलर बाहेर पडला.

त्या उन्हाळ्यात दोन घरांमधल्या कुंपणावरून एकही शब्द गेला नाही. आयलरचे आयुष्य त्या डॅनिश बेटाएवढेच लहान होते: बाप्तिस्मे, लग्ने, अंत्यविधी आणि संध्याकाळी या दोघांची सोबत. आता संध्याकाळ नुसतीच येई आणि समुद्रावर विझून जाई. हे लग्न लावावे का, असे तो स्वतःला पुन्हा पुन्हा विचारी. उत्तर बदलत नसे. त्याचे एकाकीपण तेवढे वाढे.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी शेजारी स्वेनिंग आणि थोरकिलच्या दारी जमले. लग्नघराला स्प्रूसच्या झाडाच्या, सुईसारख्या पानांच्या डहाळ्यांची कमान बांधायची आणि पहिली डहाळी सर्वांत जवळच्या शेजाऱ्याने लावायची, ही बेटाची रीत. सर्वांत जवळचे घर आयलरचे. डहाळ्यांचा ढीग तसाच पडून होता.

"आता त्याला बोलवायला जाणार कोण?" बेकरीवाली गुड्रुन पुटपुटली. "मी नाही बाई!"

तेवढ्यात आयलरच शिडी घेऊन आला. वर चढून त्याने पहिली डहाळी बांधली. मग गुड्रुनने दुसरी पुढे केली.

कमान पुरी होत आली तेव्हा दार उघडले.

"डावीकडे कललीये," स्वेनिंग म्हणाला.

"कमान पुरी होईपर्यंत तू बाहेर यायचं नसतं."

"आणि तू यायचं असतं?"

"शेजारी आहे मी."

"उद्या चर्चमध्ये येशील?"

आयलरने मान हलवली. "नाही."

स्वेनिंगने पायरी उतरून शिडी धरली. "बांध नीट. पडलास तर तुला माती द्यायलाही पलीकडूनच माणूस आणावा लागेल."

दुसऱ्या दिवशी सारे बेट चर्चमध्ये होते. रिकाम्या गल्लीत आयलर एकटाच, त्या दोघांच्या पायरीवर गळलेल्या हिरव्या सुया झाडत होता. वाऱ्याबरोबर त्याच्याच चर्चमधले गीत ऐकू आले, आणि त्याचा हात थांबला. गीत संपेपर्यंत तो उभा राहिला. मग उरलेली पायरी झाडू लागला.