दादाने आधीच ओढलेला खटका

मी एक जुना खटका आहे. दिवा लावायचा नव्हे हं मित्रांनो, घाटातल्या रुळांचा! माणसाच्या छातीएवढा उंच आणि चांगला दणकट.

आमच्या घाटातून रोज तीस-चाळीस मालगाड्या कोळसा, दगड, लाकूड घेऊन उतरत. उतारावर ब्रेक निकामी झाला तर? म्हणून माझ्यापाशी सांधा होता, तिथे रुळांना दोन फाटे फुटत. एक खाली स्टेशनाकडे, दुसरा डोंगरात वर चढणारा, वाळूने भरलेला. मी सरळ उभा असलो की वाट वाळूकडे. गाडी माझ्या अलीकडच्या ‘थांबा’ पाटीपाशी पूर्ण थांबली, तरच सांधेवाल्याने मला ओढून खालची वाट द्यायची. न थांबणारी गाडी वाळूत रुतायची, पण माणसं वाचायची. तीन गाड्या मी अशा वाचवल्या. तेव्हा मला नवा तांबडा रंग मिळाला आणि काय सांगू, मी भलताच भाव खाल्ला!

माझा सांधेवाला म्हणजे दादा. सगळेच त्याला दादा म्हणत, पण खरा दादा तो एकाचाच. त्याचा धाकटा भाऊ मालगाडीचा ड्रायव्हर होता. दादाचं घर खालच्या स्टेशनाला लागून. गाडी तिथे टेकली की वहिनी धाकट्याला जेवू घाले. पण तिथून सुटायची वेळ ठरलेली, आणि माझ्यापाशी थांबण्यात दहा मिनिटं जात. बिचारा कसेबसे चार घास घशाखाली ढकलून पळे.

“दादा, सख्ख्या भावालाही थांबवतोस होय?” तो चिडवायचा.

दादा विरघळला. दोघांचं ठरलं. वरच्या वळणावरून धाकट्याने दोन छोट्या शिट्ट्या द्यायच्या, म्हणजे ब्रेक ठीक आहे. मग दादाने मला आधीच ओढून ठेवायचं. मला ते मुळीच पटलं नव्हतं, पण खटक्याचं ऐकतो कोण?

त्या दुपारी दोन शिट्ट्या आल्या. दादाने मला ओढलं. आणि त्यानंतर, वळण ओलांडल्यावर, ब्रेकचा पाइप फुटला. गाडी धडधडत सुटली. धाकटा खिडकीतून अर्धा बाहेर आला होता.

“दादा, सोड! वाळूत घाल!”

दादाने मला सोडलं. पण इंजिनाचं पुढचं चाक सांध्यावर आलं होतं, आणि चाकाखाली सांधा हलत नाही. मी जीव तोडून ओढ घेतली, मित्रांनो. तसूभरही सरकलो नाही. तिसऱ्या वळणावर गाडी दरीत कोसळली. धाकटा गेला.

चौकशीला आलेले साहेब भले होते. हळूच म्हणाले, “खटका जुना आहे. अडकला असेल. तसं लिहू?”

दादाने नुसती मान हलवली असती तरी तो सुटला असता.

“नाही साहेब. खटका चांगला आहे. चूक माझी.”

त्याची नोकरी गेली. अपघाताच्या दिवशी वहिनी म्हणे संध्याकाळपर्यंत वाढलेल्या ताटापुढे बसून होती.

आता सांधे विजेवर चालतात. मी गवतात गंजत उभा आहे. जुन्या वस्तू जपा, असं मी तुम्हाला सांगणार होतो. पण राहू द्या ते. आपल्या माणसाला नियमातून सूट देऊ नका, मित्रांनो. त्याला सगळ्यांच्या आधी थांबवा.

दादा अजून येतो, काठी टेकत. काल घाटातून मालगाडी उतरत होती. त्याने मला दोन्ही हातांनी सरळ, घट्ट धरून ठेवलं.

“थांब रे राजा,” तो पुटपुटला, “जेवण गार झालं तरी चालेल.”